झूराकान एजेचा वादाचा वर्ग

सकाळी मी कढईत बोरसोक, म्हणजे पिठाचे छोटे गोळे, तळत होते आणि माझी थोरली जाऊ झूराकान दुधाचं यंत्र फिरवून साय काढत होती. यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून ती माझ्याशी वाद घालत होती. शाळेतल्या पोरांना द्यायचा विषय ती आधी माझ्यावर घासून बघते.

"सांग, पंधरा वर्षांच्या पोराने गुन्हा केला तर निवाडा कुणी करावा? गावच्या वडीलधाऱ्यांनी की कायद्याने?"

"आधी साय भांड्यात पडतेय का बघा, एजे," मी म्हणाले. थोरल्या बाईला आम्ही एजे म्हणतो.

"हे उत्तर नाही. ही पळवाट आहे."

तेवढ्यात दार वाजलं. आमच्याकडे दार कोणी वाजवत नाही. माणूस फाटकापासूनच ओरडत येतो आणि त्याच्या आधी कुत्रं ओरडतं. दार वाजवणारा एक तर परका, नाही तर रागावलेला. मी पीठ पुसत उघडलं, तर तुर्दुमाम्बेत अता. गावच्या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीचे मुख्य; वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही अता म्हणतो. नमद्याची पांढरी टोपी कपाळावर खाली ओढलेली.

रागावलेले असले तरी भाकर मोडल्याशिवाय बोलता येत नाही. ते वरच्या, मानाच्या जागेवर बसले, भाकरीचा तुकडा सायीत बुडवला, खाल्ला आणि मग झूराकानकडे वळून सुरू झाले.

"सूनबाई, काल जेवताना मी नातवाला, तुझ्याच विद्यार्थ्याला, म्हटलं, मीठ दे, कालवणात कमी आहे. तर तो म्हणतो, अता, याला पुरावा काय?"

मी तोंड कढईकडे वळवलं. झूराकान अगदी गंभीरपणे म्हणाली, "मग दिलात?"

"काय?"

"पुरावा."

"चाटवला त्याला कालवणाचा चमचा," अता म्हणाले. पण ते हसले नाहीत. "गंमत राहू दे. उद्या पंचायत बसतेय. तुला माहितीये कशासाठी."

अख्ख्या गावाला माहीत होतं. झूराकानच्याच वर्गातल्या बेकतेमीरने अतांचा घोडा न विचारता कुरणातून सोडला, खिंडीपलीकडे नेला आणि परत आणला तो लंगडता. आता पंच त्याला इथेच समज देणार, की जिल्ह्याच्या पोलिसांच्या हवाली करणार, एवढंच ठरायचं होतं. निम्मे पंच पोलिसांच्या बाजूने होते. एकदा पोलिसांच्या कागदावर नाव चढलं, की ते त्या पोराच्या आधी सगळीकडे जाऊन पोचतं.

"तुझी पोरं घराघरांत यावरून तोंडं चालवतायत," अता म्हणाले. "उद्यापर्यंत त्यांना गप्प बसव."

"त्यापेक्षा आज दुपारी वर्गात या ना. सगळ्या पंचांना घेऊन या. जे काय आहे ते तोंडावर ऐका."

"आमच्यापुढे पोरं बोलणार?"

"मलाही तेच बघायचंय," झूराकान म्हणाली.

ते गेले आणि हिने माझे दोन्ही दंड धरून मला स्वयंपाकघरातच गरकन फिरवलं. पन्नाशीची बाई, गुडघे दुखतात म्हणून रोज कण्हणारी. "येतायत गं," म्हणाली. "खरंच येतायत."

वर्षानुवर्षं ती इतिहास शिकवते. वादाचा वर्ग तिने राजधानीतली एक स्पर्धा बघून सुरू केला, आणि नियम मात्र स्वतःचा काढला. मेंढीच्या घोट्याचं हाड, म्हणजे चुको, ज्याने पोरं अंगणात खेळतात, ते ती टेबलावर टाकते. पाठ वर पडली तर एक बाजू, पोट वर पडलं तर दुसरी. "तुमचं मत घरी ठेवून या," ती पोरांना सांगते, "बाजू चुको देईल." आया कुरकुरतात, की बाई आमच्या पोरांना उलट बोलायला शिकवते. ती म्हणते, उलट नाही, दोन्हीकडून.

दुपारी मी चहाची किटली आणि बोरसोकांचं पातेलं घेऊन शाळेत पोचले, तर ओसरीत कान्यशाय रडत होती. कान्यशाय म्हणजे बेकतेमीरची चुलत बहीण, वर्गातली सगळ्यात तिखट पोर. चुकोने तिला नेमकी उलटी बाजू दिली होती. पोराला कायद्याच्या हवाली करावं, असं तिने बोलायचं.

"एजे, बदलून द्या ना. भाऊ आहे तो माझा."

"म्हणूनच तू नीट शोधशील," झूराकान म्हणाली. "नाक पूस. चल."

आत पंच भिंतीला ओळीने बसलेले, पोरं फळ्याजवळ उभी. आणि कोणी बोलेचना. पोरं अतांकडे बघतायत, अता पोरांकडे. मला वाटलं, संपलं, ही आता तोंडच उघडत नाहीत. झूराकानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तिने कपाळावर हात मारला. वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाशिवाय आमच्याकडे जेवणावरून कोणी उठत नाही, ही पोरं वाद कसा सुरू करणार? एरवी वर्गात कोणी म्हातारं नसतं, त्यामुळे तिच्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

"अता, आशीर्वाद द्या."

"भांडणाला?"

"भांडणालाच."

अतांनी तळहात उघडले, चार शब्द पुटपुटले, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि पोरांची तोंडं सुटली ती बांध फुटल्यासारखी.

आधी अतांचाच नातू नुरदोओलोत. पोलिसांना फक्त गुन्हा माहीत असतो, तो म्हणाला, गावाला पोर माहीत असतं. त्याची आई कशी आहे, तो थंडीत कुणाची लाकडं फोडून देतो, हे जिल्ह्याच्या साहेबाला कोण सांगणार? अतांची दाढी समाधानाने हलत होती.

मग कान्यशाय. "गावाला पोर माहीत असतं, मान्य," ती म्हणाली. "पण पंचायतीत त्याच्याबद्दल त्याचा काका बोलतो, शेजारी बोलतो. त्याला स्वतःला..."

"पंचायतीचं तुला काय कळतं?" अता मध्येच कडाडले, आणि बोलतच राहिले.

सगळ्या पोरांच्या माना खाली. कान्यशायची पण. मी झूराकानकडे बघितलं. ती खिडकीला पाठ लावून उभी होती, हातातला खडू मोडून चुरा झालेला, पण मध्ये पडली नाही.

अता थांबले. कान्यशायने छातीवर हात ठेवला, वाकली. "अता, तुमचं ऐकलं. माझ्या पाळीचा वेळ अजून उरलाय. बोलू?"

अतांनी डावीउजवीकडे बघितलं. कोणीच मदतीला येईना. "बोल."

"कायद्याच्या खोलीत निदान पोराला विचारावं तरी लागतं, असं का केलंस म्हणून. घोडा का नेला, हे बेकतेमीरला अजून कुणीच विचारलेलं नाही. मी बहीण असून मीही नाही." ती अतांकडे वळली. "आणि त्या खोलीत ज्याचा घोडा, तोच न्यायाधीश नसतो."

कोपऱ्यातून सापाराली नावाचे म्हातारे पंच खोकल्यासारखे हसले. "तुर्दू, तू घोड्याला तरी विचारलंस का?"

अता हसले नाहीत. त्यांनी काठीच्या मुठीवर अंगठा घासला. "म्हणजे तुझ्या भावाला पोलिसांत देऊ म्हणतेस?"

"मी नाही, अता. चुको म्हणतोय."

आता मात्र सगळेच हसले, पंचसुद्धा. मग एकदम गलका. सापाराली पोरांच्या बाजूने, दुसरे एक पंच विरुद्ध, नुरदोओलोत दोघांच्या मध्ये उभा राहून "एका वेळी एक, अता, एका वेळी एक" म्हणतोय. माझे बोरसोक कधी संपले ते कळलंच नाही.

निघताना अता दारात थांबले. "उद्या मी पंचांत नाही, बाहेर बसेन," म्हणाले. "निवाड्याचं सापाराली बघेल." टोपी सारखी केली. "तुला काय हवंय, सूनबाई? नवा फळा? खुर्च्या? माग, आज मी ऐकण्याच्या तयारीत आहे."

झूराकानने खडूचे हात झग्याला पुसले.

"उद्या सगळ्यांच्या आधी बेकतेमीरला बोलू द्या," ती म्हणाली. "त्याचं होईपर्यंत कोणी मध्ये बोलू नका."