देवापेक्षा उंच खुर्ची

गेल्या सोमवारी राजा घाटाजवळ गोदूआत्यांकडे सत्यनारायण होता, आणि आमच्या घरात सकाळपासून एक माणूस रुसून बसला होता... पूजा सांगायची होती माझ्या नवऱ्याला, आणि त्यालाच जायचं नव्हतं.

रुसवा कशावर? तर खुर्चीवर!

थोडं मागचं सांगते. श्रीधर इथले, गंगेकाठच्या ब्रह्मा घाटावरचे, पिढीजात मराठी गुरुजी. मी शाळेत शिकवते, हे घरोघरी पूजा सांगतात. गेल्या वर्षी ह्यांची एक वेगळीच कीर्ती पसरली. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तरी गुरुजी आसनावरून हलत नाहीत... डोळे मिटून अथर्वशीर्षाची आवर्तनं चालूच. यजमान भारावून जायचे आणि मला गल्लीत थांबवून ह्यांचं कौतुक ऐकवायचे.

घरी मात्र गुडघा दुखतो म्हणून तेल चोळणं चालू होतं. खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं, हे आम्हाला कुठे ठाऊक? शेवटी चालताना पाय ओढायला लागले, तेव्हा धरून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण काय शांतपणे ऐकून घेतात! पाय वाकवून, खुबा फिरवून पाहिला आणि विचारलं, "बैठे-बैठे कूल्हा कभी अटक जाता है, पंडितजी?"

हे मान खाली घालून म्हणाले, "अटकता है. जब तक छूटे नहीं, पाठ करता रहता हूँ."

म्हणजे जांघेत कळा येतायत, मांडी उलगडत नाहीये, आणि हा माणूस चेहऱ्यावरची रेघ न हलवता गणपतीला आळवतोय... यजमानांच्या शुभकार्यात कण्हणं नको म्हणून! राग आला, हसू आलं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला.

एक्स-रे जवळजवळ साफ होता. बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही, एमआरआय करायला लावला. निदान निघालं सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस. त्यांनी चित्र काढून समजावलं... सांध्याच्या आतल्या अस्तरात कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, बारीक गोळ्या तयार होतात, साबुदाण्यासारख्या. काही सुटून आत फिरतात, मध्ये आल्या की सांधा अडकतो. कॅन्सर नाही, पण तसंच रेटलं तर सांधा झिजत जातो.

ह्यांचा एकच प्रश्न होता. जन्मभर मांडी घालून बसलो, त्याने झालं का? बाई म्हणाल्या, "नहीं पंडितजी, इसमें आपका कोई दोष नहीं." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

दुर्बिणीने ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीचे व्यायाम ह्यांनी मंत्रांच्या लयीत केले, एकही दिवस न चुकवता. पुन्हा गोळ्या होऊ शकतात, म्हणून तपासणीला जात राहायचं आहे. आणि काही महिने मांडी अजिबात नाही... बसायचं ते खुर्चीवरच.

इथेच सगळं अडलं. देव खाली चौरंगावर आणि गुरुजी वर खुर्चीत? ह्यांच्या मनाला ते पटेना. "त्यापेक्षा पूजा सांगणं सोडतो," म्हणाले. वेदनेत न हललेला माणूस हे बोलताना भिंतीकडे बघत होता. लहानपणापासून ह्यांनी दुसरं काही केलेलं नाही... ते सुटलं तर उरणार काय, ह्याची मला धास्ती.

त्यात गोदूआत्या म्हणजे सोवळ्याच्या बाबतीत आमच्या वस्तीत सगळ्यांत कडक. त्यांनी नाक मुरडलं की बाकीची घरं गेलीच. मी आदल्या दिवशी फोन करून खुर्चीचं सांगितलं होतं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यामुळे सोमवारी हे मला घेऊन निघाले ते दुसरे गुरुजी बोलवा असं सांगायलाच.

दार उघडलं... आणि आम्ही दोघं उंबऱ्यातच थबकलो.

हॉलच्या मधोमध जेवणाचं टेबल. घासूनपुसून, गंगाजल शिंपडून, वर धूतवस्त्र. त्याच्यावर चौरंग, चौरंगावर कलश आणि बाळकृष्ण, चारी कोपऱ्यांना केळीचे खांब बांधलेले. समोर खुर्च्या, गुरुजींना आणि पूजेला बसणाऱ्या आत्यांच्या मुलगा-सुनेलाही. आत्या मुळात ठेंगण्या, त्या पाटावर उभ्या राहून, टाचा उंचावून देवाला फुलं वाहत होत्या.

मागे वळून म्हणाल्या, "अरे श्रीधर, असा खडा काय राहिलास? ये, बस कुर्सीवर. देव तुझ्याहून उंच बसवलेत मी."

हे बसले. आचमन केलं, संकल्पाला सुरुवात केली, आणि स्वतःच्या तोंडपाठ शब्दांवर अडखळले. आत्यांनी पाण्याचं भांडं पुढे केलं. मी पदराने डोळे पुसत मागे उभी.

तेव्हापासून घरी फोन येतायत. कुणाकडे वास्तुशांत, कुणाकडे मंगळागौर... आणि तारीख ठरायच्या आधी विचारतात, "वहिनी, गुरुजींना टेबल केवढं उंच लागेल?"

मी शाळेतल्या बाईंच्या थाटात उंची सांगते. आणि लगेच वहीत तारीख लिहून ठेवते.