एकटा विझलेला ठिपका

माझ्या मावशीला प्रयोगशाळेत सगळे ठिपकेबाई म्हणायचे. सव्वीस वर्षं तिने एकच काम केलं. दुधी काचेतून लेसरचा किरण सोडला की पडद्यावर उजेडाचे डाग पसरतात आणि त्यांच्यामध्ये काही ठिपके ठार काळे राहतात. त्या ठिपक्यांभोवती उजेडाची लाट भोवऱ्यासारखी फिरते. त्यावर दुसरा साधा किरण पाडून फोटो काढला की त्यात बारीक रेघा उमटायच्या; त्यांपैकी एखादीला फाटा फुटलेला दिसला, की तिथे ठिपका. फाटा वर असेल तर मावशी लाल पेन्सिलने खूण करायची, खाली असेल तर निळ्या.

काच केसभर सरकवली की ठिपकेही सरकायचे. एखादा लाल आणि एखादा निळा जवळ यायचे नि दोघेही नाहीसे व्हायचे. "कडेचा ठिपका चौकटीबाहेर निसटेल, पण मधला एकटा कधी जात नाही," मावशी सांगायची. "गेलाच, तर आपली नजर चुकली."

पुढे मोजणीला कॉम्प्युटर आला. मावशीचं टेबल जिन्याखाली गेलं आणि तिच्याकडे टपालाचं काम आलं. एका दुपारी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या नव्या लेखाची पाकिटं भरताना तिने चित्रं पाहिली आणि तडक त्यांची खोली गाठली.

"सर, हा लाल ठिपका एकटाच गेलाय."

"तीच तर गंमत आहे! आजवर कुणाला दिसलं नव्हतं."

"त्याचा निळा शेजारच्या काळोखात आहे. रेघ पुसट आहे, म्हणून मशीनला सापडला नाही. दाखवू?"

"बाई, चष्म्याचा नंबर कधी तपासलात?" सर हसले.

मावशीने पाकिटं भरली. वर्षअखेरीस ती निवृत्त झाली.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग केला आणि चूक चव्हाट्यावर आली. लेख मागे घ्यावा लागला. त्यानंतर एका रविवारी सर आमच्या दारात उभे. तोंड पार उतरलेलं.

"बाई, तुमच्या मोजणीच्या वह्या हव्यात. आता माझ्या जुन्या कामावरही कुणी विश्वास ठेवेना."

"रद्दीत घातल्या."

"सगळ्या?"

"तुम्हाला लागतील असं वाटलं नाही."

सर पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "तेव्हा जरा जोर लावून सांगायचंत."

मावशीने त्यांना फाटकापर्यंत सोडलं. ते गेल्यावर मीच उसळले, "चांगलं सुनवायचंस ना!"

"त्यांना काय सुनवू? सव्वीस वर्षं माझी होती गं. मीच किलोवर घातली."

जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.