अर्बाबचं घासलेलं रिव्हॉल्व्हर

ती घटना आठवली की अजूनही माझा मलाच राग येतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पोलीस खात्यातली नोकरी मुदतीआधीच सोडून मी दोहाला एका बांधकाम कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर म्हणून गेलो होतो. शहरातल्या बिन महमूद वस्तीत फ्लॅट, अंगावर वर्दीऐवजी शर्ट-टाय. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

एका सकाळी उत्तरेकडच्या अल रुवैस बंदरातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला. संशयित मराठी होता, त्याला हिंदी धड येत नव्हती, दुभाषा हवा होता. मी हुरळलोच. किती दिवसांनी मला कुणीतरी ठाण्यात बोलावत होतं!

प्रकरण असं होतं. तिथल्या एका वयस्कर अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, वडिलांचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर होतं. रीतसर परवाना होता, बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात ते ठेवलेलं असे. त्याच सुमारास ते बनवणाऱ्या कारखान्याने ते जुनं मॉडेल पुन्हा बाजारात आणलं होतं. मी खात्यात हत्यारांचा कोर्स केलेला माणूस, म्हणून सांगतो, वापरायला नवंच सरस. पोलाद चांगलं, चक्र घट्ट, घोडा एकसारखा पडतो. पण शौकिनांच्या लेखी नवं हे जुन्याच्या पासंगालाही पुरत नाही. अर्बाबकडे आलेल्या अशाच एका शौकीन पाहुण्याने कपाटात पाहिलं आणि म्हणाला, "हे तर नव्याने काढलेलं आहे. तुमचं असली कुठं गेलं?"

अर्बाबने ते हातात घेतलं. काळं कुळकुळीत, एक ओरखडा नाही, वरचा नंबरही दिसेना. कपाटाची कडी दुरुस्त करायला किल्ली आठवडाभर घरच्या गॅरेजमधल्या फिटरकडे होती. असली विकून नकली ठेवलं, अशी त्याच्यावर फिर्याद झाली.

फिटर माण तालुक्यातला, चाळिशीचा, हाताला घट्टे पडलेला. मला बघताच उठून उभा राहिला.

"आपलं मानूस आलं! सायेब, म्या न्हाई वो चोरलं. ह्ये त्येच हाय. खंडेनवमी व्हती. पान्यांची पूजा मांडली. म्हनलं, अर्बाबच्या बापाचं हत्यार असं कळकट पडलंय, त्येची बी करावी. चाकावर घासलं, तेलात तापवून काळं केलं, कुक्कू लावलं, पुसून ठिवलं."

मला हसू आलं. पंचवीस वर्षांत असल्या कहाण्या ढिगाने ऐकल्या होत्या. ठाण्याच्या अधिकाऱ्यांनी मला फक्त भाषांतर करायला बोलावलं होतं. पण हा थापा मारतोय, याला मीच बोलता करतो, असं मी त्यांना सांगितलं. शहाणपणा नडतो तो असा. हत्यार सीलबंद होतं, ते बघायला मागायचं सोडून मी माणूस सोलायला बसलो.

दुपारपर्यंत तो एकच सांगत राहिला. मधेच कळलं, माघात त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं. मला धागा सापडला.

"हे बघ बाबा, असंच अडून बसलास तर वर्ष इथंच जाईल. कबूल हो, लवकर सुटशील."

"मंग लग्नाला पोचंन?"

"पोचशील."

त्याने बोटांवर माघापर्यंतचे महिने मोजले. मग म्हणाला, "लिवा. इकलं म्या."

"कुणाला?"

"आता त्ये तुमीच सांगा सायेब. कुनाचं नाव लिवायचं?"

"अनोळखी इसमास" असं मी सांगितलं आणि त्याची सही झाली. बाहेर बाकावर त्याच्या गावचा एक ड्रायव्हर डबा घेऊन बसला होता. मी ऐटीत त्याला म्हणालो, "खलास! झाला कबूल तुमचा गाववाला." त्याने डबा उचलला आणि गेला.

जेवताना त्याचा प्रश्न आठवला. कुणाचं नाव लिवायचं? चोराकडे नाव तयार असतं, खोटं का होईना. मी ताटावरून उठलो आणि अधिकाऱ्यांना हत्यार दाखवण्याची विनंती केली. त्यांनी सील उघडलं. मी मुठीचा स्क्रू काढून लाकडी पट्ट्या सोडवल्या. आत, जिथे घासायचं चाक पोचत नाही तिथे, जुना नंबर ठोकलेला होता. परवान्यावरचाच. आणि खाचेत अडकलेली कुंकवाची लाल रेघ.

अर्बाबला बोलावलं. त्याने ते हातात घेतलं, अंगठा मुठीवर फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. वडिलांच्या अंगठ्याने तिथे लाकडाला खळगा पडला होता, असं त्याने आम्हाला सांगितलं. फिटरने तो घासून सपाट केला होता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये चोर नहीं. लेकिन ये मेरे बाप का भी नहीं."

त्याने फिर्याद मागे घेतली, पण फिटरला पुन्हा दारात घेतलं नाही. महिन्याभरात फिटर मुंबईच्या विमानात बसला. मी विमानतळावर गेलो होतो. तो एवढंच म्हणाला, "चांगलं करायला गेलो वो सायेब."

ड्रायव्हर मात्र त्याच्या आधी सुट्टीवर गावी गेला होता. त्याने कबुलीपर्यंतचंच पाहिलं होतं, तेवढंच सांगितलं. माझ्याच तोंडून ऐकलेलं. मुलीच्या ठरलेल्या सोयऱ्यांच्या कानावर गेलं. फिटर निर्दोष असल्याचं पत्र मी त्यांना लिहिलं, हुद्द्यानिशी, शिक्क्यानिशी. उत्तर आलं नाही. कबुली सगळ्यांना पटते, खुलासा कुणी वाचत नाही. तेव्हापासून तपासाचं काही सांगायला तरुण अधिकाऱ्यांसमोर उभा राहिलो, की आधी हेच सांगतो: पहिल्यांदा वस्तू बघा, माणसाला नंतर विचारा.

फाल्गुनात फिटरचं कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं असावं, अक्षर शाळेतल्या मुलाचं होतं.

"साहेब, तुम्ही म्हणाला होता, लग्नाला पोचशील. पोचलो. लग्न मोडलं होतं."