गौरम्मा अक्कांची सायकल स्टँडवरची मीटिंग

गौरम्मा अक्कांना अख्ख्या नोकरीत एकच मेमो मिळाला.

तो मी दिला.

गेल्या बुधवारी अक्का गेल्या. हार्ट अटॅक. बीदरच्या ज्या हॉस्पिटलात मी मॅनेजर आहे, तिथल्या सगळ्या आयांच्या त्या सुपरवायझर.

मी जॉइन झाले ती मीटिंग कशी घ्यावी याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग करूनच. वीस मिनिटांत संपवायची. एका वेळी एकानंच बोलायचं. साइड टॉक बंद. डोक्यात नुसतं वारं शिरलं होतं.

अक्का आत आल्या की हात जोडून लिंगायतांचा नमस्कार करायच्या. "शरणार्थी, मॅडम."

मी म्हणायचे, "गुड मॉर्निंग."

पहिल्याच दिवशी त्यांनी हळूच विचारलं होतं, "मॅडम, तुमी कमलनगरकडच्या न्हाई का? बोलन्यावरनं वाटायलंय."

"नो नो, बीदर."

धडधडीत खोटं. मी कमलनगरचीच, महाराष्ट्राच्या सीमेला लागलेल्या मराठी पट्ट्यातली. घरी आजही मराठीच बोलते. पण मॅनेजरच्या खुर्चीत बसून गावाकडची मराठी बोलायची मला लाज वाटायची. म्हणून मीटिंग इंग्लिशमध्ये, अधूनमधून कन्नड.

समोरच्या बहुतेक आया औराद-कमलनगरच्या खेड्यांतल्या. अक्का त्यांच्यात बसून कुजबुजत राहायच्या. मला संताप यायचा.

एकदा सगळ्यांसमोर त्यांना उठवलं आणि शाळेतल्या पोरीसारखं माझ्याशेजारी एकटं बसवलं. माझ्या आईच्या वयाच्या बाईला!

त्या बसल्या.

मग मीटिंग बरोबर वीस मिनिटांत संपू लागली. "एनी डाउट?" सगळ्या गप्प. मी खूश.

फक्त मीटिंग संपली की आया वॉर्डात न जाता खाली सायकल स्टँडवर अक्कांभोवती जमायच्या. मला खिडकीतून दिसायचं. मी मेमो काढला, 'गप्पा मारून कामाचा वेळ वाया घालवणे.'

अक्कांनी सही केली. चष्मा पुसला. "येते मॅडम," म्हणाल्या.

त्यानंतर सगळ्या जेवणाच्या सुट्टीत तिथं जमू लागल्या.

आज सोमवार. अक्कांशिवाय पहिली मीटिंग. ऑक्सिजन सिलिंडर बदलायची नवी पद्धत सांगितली. "अंडरस्टुड?" सगळ्यांनी माना हलवल्या.

सुट्टीत खिडकीतून बघते तर सगळ्या सायकल स्टँडवर. नुसत्या उभ्या. कुणीच बोलत नव्हतं.

मी खाली गेले. तोंडातून आपसूकच निघालं, "काय झालं गं? हितं कामून थांबलाव?"

सगळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांच्यातली सुमनबाई म्हणाली, "अक्का हितंच सांगायच्या मीटिंगमदलं. तुमी काय म्हन्लाव ते, आपल्या बोलीत. आज कोन सांगनार?"

लगेच तिनंच विचारलं, "पर मॅडम, तुमाला मराठी येतंय व्हय? अक्का तर म्हनायच्या, मॅडमला मराठी येत न्हाई, त्यांच्यावर रागवू नका."

अक्कांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं खोटं त्यांनी माझ्यासाठी सांभाळलं. मेमोवर सही करतानाही.

मी तिथंच उभं राहून सगळी मीटिंग पुन्हा सांगितली. मराठीत. चाळीस मिनिटं लागली, कारण पहिल्यांदाच कुणीतरी प्रश्न विचारले. सिलिंडरचं एकीलाही कळलं नव्हतं.

वर आल्यावर तो मेमो फाइलमधून काढला. त्याखाली लिहिलं, 'चूक माझी होती.' सही केली. वाचायला अक्का नाहीत. फार उशीर केला मी.

अक्का, मी कमलनगरचीच आहे.

शरणार्थी.