सरांनी शब्द टाकला

कौतुक करून एखाद्याचं वाटोळं कसं करावं हे कोणाला शिकायचं असेल, तर त्याने आमच्या सरांकडे शिकवणी लावावी. निंदा करून नुकसान तर कोणीही करतं. सर ते निव्वळ प्रेमापोटी, पदरचं पेट्रोल जाळून, लोकांच्या दारात जाऊन करायचे. कर्जतच्या कॉलेजात ते आम्हाला मार्केटिंग शिकवत आणि मी त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी होते, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

लाडकी होते हे मला बाहेरून कळलं. तोंडावर सर कधीच काही बोलले नाहीत. मी वर्गात पहिली आले तेव्हा पेपर हातात देत ते म्हणाले, "ठीक आहे. समास सोडत जा." तेवढंच. पण दहिवलीत त्यांच्या घराशेजारच्या केशकर्तनालयात माझे वडील एकदा दाढी करायला बसले, तर न्हावी म्हणाला, "तुमी पोशीरचे? तिथं एक पोरगी हाय म्हणे, वाळवंटात पण छत्र्या विकंल." बँकेतल्या कॅशियरला माझे गुण पाठ होते. स्कूटरच्या मेकॅनिकला होते. एकदा तर नदीवर कोणाच्या तरी दशक्रियेला गेलेले सर मयताच्या मुलाला जवळ घेऊन म्हणाले, "तुझे वडील गेले, फार वाईट झालं. आमची पोशीरची मुलगी त्यांना एकदा दाखवायची राहून गेली." त्या बिचाऱ्याने मान डोलावली. दुसरं काय करणार?

खरं म्हणजे कौतुक हा सरांचा स्वभावच होता आणि तो त्यांच्या विषयाच्या अगदी विरुद्ध होता. बाजार कसा चालतो हे दाखवायला ते आमचा अख्खा वर्ग कर्जतच्या बाजारात घेऊन जायचे. भाजीवालीपुढे उभे राहून म्हणायचे, "वा! काय भेंडी आहे! असली कोवळी भेंडी मी यंदा बघितली नाही." भाजीवाली तिथल्या तिथे भाव वाढवायची. आम्ही कुजबुजायचो, "सर, घेणाऱ्याने स्तुती करायची नसते." त्यावर सर चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणायचे, "मग काय, चांगल्या भेंडीला वाईट म्हणू?" आणि वाढीव भावाने भेंडी घेऊन यायचे. घरी सरांच्या पत्नी काय म्हणायच्या ते आम्हाला ठाऊक नाही, पण बाजाराची पिशवी पुढे त्यांनीच स्वतःकडे घेतली.

सरांच्या मनात एक सल होता. त्यांचे सगळे चांगले विद्यार्थी कामासाठी मुंबईला जायचे आणि गावी फक्त झोपायला यायचे. "आपल्याकडे तांदूळ पिकतो, पोहे होतात, रानात जांभळं-करवंदं आहेत, आणि हे सगळं विकायचं डोकं मात्र आपण दुसऱ्याला देऊन टाकतो," असं ते म्हणायचे. एक तरी विद्यार्थी तालुक्यात राहिला पाहिजे, इथलाच माल विकून इथेच मोठा झाला पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा होती. माझीही तीच होती. मला घरापासून लांब जायचं नव्हतं. बांधावरून चालत येऊन बस पकडावी, दिवसभर मन लावून काम करावं आणि संध्याकाळी आईच्या हातचं जेवावं, यापलीकडे माझी झेप नव्हती. म्हणून मी नोकरी शोधायला लागले तेव्हा सरांनी ती मोहीम आपल्या अंगावर घेतली.

खालापूरकडे एक पोह्यांची गिरणी होती. माल उत्तम, खप मात्र जेमतेम. मालकांना विक्री बघणारं माणूस हवं असल्याचं सरांच्या कानावर आलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, पेढ्यांचा पुडा घेतला आणि रविवारी सकाळी थेट मालकांच्या घरी जाऊन ओसरीवर बसले. मुलगी किती हुशार, किती कष्टाळू, स्वभावाने किती गोड, मोठ्यांचा मान कसा राखते, घरची माणसं किती सरळ, हे सगळं त्यांनी चहा गार होईपर्यंत सांगितलं. आता आमच्याकडे एखादा वयस्कर गृहस्थ पेढे घेऊन येतो आणि लग्नाच्या वयाच्या मुलीचे गुण सांगू लागतो, तेव्हा तो एकाच कामासाठी आलेला असतो. मालकांना एकुलता एक मुलगा, तोही लग्नाचा. त्यांनी शेवटी विचारलं, "मग आमी बघायला कवा येऊ?" सर आनंदाने म्हणाले, "पुढच्या रविवारी या!"

आणि आम्हाला येऊन सांगितलं, की मालक स्वतः मुलाखत घ्यायला घरी येताहेत.

"सायेब लोक घरी येऊन मुलाखत घेतात?" आईने शंका काढली. सर म्हणाले, "वहिनी, गुणी माणसाला शोधत यावंच लागतं." यावर आई बशा घासायला उठली. मी मात्र जिवाचं रान करून तयारीला लागले. मालकांना त्यांच्या मालाची खोट डोळ्यांनी दिसावी म्हणून मी तीन गिरण्यांचे पोहे आणले, सारख्याच फोडणीत केले आणि तीन वेगवेगळ्या बशांत भरले.

रविवारी मालक, मालकीणबाई आणि त्यांचा मुलगा आले. मी पदर सावरत पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर जी खाली घातली ती उचललीच नाही. मी प्रत्येकापुढे तीन-तीन बशा मांडल्या आणि बोलायला सुरुवात केली. "ही मधली बशी तुमच्या पोह्यांची. चव सगळ्यात चांगली आहे. पण तुमच्या पिशवीतून आरपार दिसतं आणि तळाशी चुरा साचतो. गिऱ्हाईक आधी चुरा बघतं. खालचा भाग झाका, वर छोटी खिडकी ठेवा, आणि गावाचं नाव मोठ्या अक्षरांत घाला."

मालक चमचा हातात धरून ऐकत राहिले. मग मांडीवर थाप मारून बायकोला म्हणाले, "पोरीला धंदा कळतोय गं!" दाराशी उभ्या असलेल्या सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं, नोकरी मिळाली. तेवढ्यात मालकीणबाईंनी पिशवीतून खण आणि नारळ काढला.

वडील हळूच आईला म्हणाले, "नोकरी देताना ओटी भरतात?"

पुढचं फार लांबवत नाही. वडिलांनी हात जोडून सांगितलं, की पोरीचं लग्न एवढ्यात करायचं नाय, ती कामासाठी बसली हाय. मुलगा तेवढा सुटल्यासारखा हसला, त्यालाही बहुधा घाई नव्हती. मालक भले होते, रागावले नाहीत. पण उठताना म्हणाले, "सून म्हणून आली असती तर सगळी गिरणी हातात दिली असती. आता पगारावर कशी ठेवू? तिनं आमच्या पोराला नाय म्हटलं, ही गोष्ट गावभर होणार. ती रोज समोर बसंल, पोरालाही अवघड, तिलाही." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच मला जास्त लागलं. इतकी मनासारखी नोकरी पुन्हा मला आजवर दिसलेली नाही.

सर आमच्या पडवीत बराच वेळ बसून होते. पुढ्यातल्या मधल्या बशीतले पोहे त्यांनी चिवडले, खाल्ले नाहीत. "मी फक्त खरं तेच सांगितलं गं," एवढंच ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव कोणाकडे काढलं नाही. न्हाव्याकडे नाही, बँकेत नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग चुकल्या-चुकल्यासारखं.

काही महिन्यांनी नेरळच्या दुकानात त्या गिरणीची नवी पिशवी दिसली. खाली झाकलेली, वर छोटी खिडकी, गावाचं नाव ठळक. तेव्हा मी पुण्यातल्या एका कंपनीत अर्ज करून, मुलाखत देऊन, चारचौघींसारखी नोकरी मिळवली होती. खालापूरला एसटीत बसवायला वडिलांबरोबर सरही आले. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. सर खिडकीशी आले, सवयीने म्हणाले, "ही आमची पोशीरची..." आणि थांबले. मग म्हणाले, "पहिल्यांदाच एकटी चाललीय. तेवढं लक्ष असू द्या." माझ्याबद्दल सरांना शब्द अपुरे पडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पुण्यात माझं बरं चाललंय. मी तेल विकते, साबण विकते, जिथे ते बनतात ती गावं मी पाहिलेली नाहीत. वर्षाच्या शेवटी साहेब माझ्या नावापुढे "अपेक्षेप्रमाणे" असं लिहितात, आणि पगार वाढतो.

सर आता निवृत्त झालेत. परवा त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "काय गं, तिकडे तुझं कौतुक करतं का कोणी?"

"करतात की, सर."

"काय म्हणतात?"

दिवसभर मी दुसऱ्यांच्या मालाची तारीफ लिहिते, पण त्या क्षणी मला एक वाक्य सुचलं नाही. शेवटी म्हटलं, "काम चांगलं आहे म्हणतात."

"एवढंच?" सर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. मग त्यांनी चाचरत विचारलं, "तुझ्या साहेबांचा नंबर देतेस का? नाही, म्हणजे... तुला चालणार असेल तर."

साहेबांचं लग्न झालेलं आहे, मुलं शाळेत जातात, हे मी सरांना आधी सांगून टाकलं. मग एकेक आकडा सावकाश सांगितला आणि त्यांनी तो नीट उतरवून घेतल्याची दोनदा खात्री करून घेतली.