बोंडल्याची चोच

तरुणपणी मी भलतीच शहाणी होते. न्यू जर्सीतल्या एका लॅबमध्ये खेळणी, कप, कानातली यांतलं शिसं तपासायचे. पांढरा कोट उतरला तरी तोरा उतरायचा नाही. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून कुणी काजळ आणलं की डबी सरळ माझ्या पर्समध्ये. एका डोहाळजेवणातून तर मी कुंकूच उचलून नेलं! "हिला चहाचा कपसुद्धा दाखवू नका," असं आमचे हे सगळ्यांना सांगायचे.

घरातलं मात्र काही तपासलं नाही. घरातलं म्हणजे चांगलंच असणार, नाही का?

यंदा पहिल्या वाढदिवसाच्या चेकअपला नातीच्या रक्तात शिसं निघालं. थोडंच, पण निघालं. "कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, म्हणजे उतरेल," डॉक्टर म्हणाली. लेकीने घर पालथं घातलं. रंग, नळाचं पाणी, हळद, सगळं ठीक. राहिलं ते बोंडलं, बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं. लेक त्यातूनच प्यायली, आता नात पीत होती.

"चांदी आहे गं ती," मी म्हटलं. तरी जुन्या लॅबमध्ये घेऊन गेले.

मीच शिकवलेल्या मुलीने ते मशिनखाली धरलं. "काकू, वाटी क्लीन आहे. चोचीच्या जॉइंटला लेड आहे, भरपूर. कुणी सोल्डर केलं होतं का?"

केलं होतं. लेक लहान असताना बाहुलीला दूध पाजता पाजता चोच तुटली. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. आमचे हे रेडिओ दुरुस्तीचं सामान, शिशाची सोल्डरची तार घेऊन किचन टेबलाशी बसले. जोडून झाल्यावर माझ्यापुढे धरलं, "घ्या मॅडम, करा टेस्ट."

"तुमचं काम न बघताच पास!" मी म्हटलं होतं. काय ती लाडात आलेली केमिस्ट!

हे आता नाहीत. बोलणी खायलाही नाहीत. घरी येताना मी ठरवलं, यांचं नाव येऊ द्यायचं नाही.

"चोचीचा जोड वाईट निघाला," मी लेकीला सांगितलं. "जुनं काम. सोनाराचं."

नातीला कडेवर सरकवून तिने माझ्या हातातल्या बोंडल्याच्या जोडावरून बोट फिरवलं.

"आई, टॉर्च मी धरला होता. बाबा म्हणत होते, डोंट मूव्ह, राणी."

नातीने ओळखीच्या भांड्याकडे दोन्ही हात पुढे केले. मी ते पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.