चौघांची खोली

गोव्यातल्या माणसाने गोव्यातच हॉटेलात राहायचं, ही कल्पना सासूबाईंना अजिबात पटली नव्हती. "आमी किदें भायलीं?" त्या म्हणाल्या, म्हणजे आपण काय बाहेरचे. "मयेंतल्यान पेडण्याक एक तास लागता. वचात, न्हायात, सांजे घरा येयात." सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं, हे बोलणं खरं होतं. पण पेडण्याच्या सड्यावर, वरच्या कातळमाळावर, नवीन वॉटर पार्क झाला होता, आणि आमच्या पहिलीतल्या लेकीच्या एका मैत्रिणीने वर्गात सांगितलं होतं की हॉटेलच्या खिडकीतून रात्रीसुद्धा मोठी घसरगुंडी दिसते. त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी मे महिन्यात दोन दिवस जायचं ठरलं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. सहलीला निघालं की बसमध्ये चढताना, उतरताना, जेवणाआधी, जेवणानंतर डोकी मोजायची, ही आमची जन्माची खोड. बेचाळीस नेली तर बेचाळीस परत आणायची. आकडा एकाने चुकला तरी मी बस हलू देत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते सगळं मोजण्यातच झालं.

हॉटेल मी फोटो बघून ठरवणार नव्हते. फोटोत आमचं मयेचं तळंसुद्धा समुद्र दिसतं. मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली: बाल्कनीच्या गजांतून माझी मूठ जाता कामा नये, मुलांच्या तलावात पाणी लेकीच्या कमरेवर नको, जेवणात साधं हुमण-शीत, म्हणजे माशाची आमटी आणि भात, मिळायला हवं. नवरा म्हणाला, "तू हॉटेल सोदता काय शाळेची तपासणी करता?" मी म्हटलं, दोन्ही. एका रविवारी आम्ही तिघं गाडी घेऊन निघालो.

पहिलं हॉटेल पेडण्याजवळ चोपड्याला, नदीच्या काठावर. दुपारची वेळ होती, पाहुणे कुणीच नव्हते. अंगणात नारळाच्या सावल्या पडल्या होत्या आणि इतकी सामसूम होती की होडीला लागणारं पाणी ऐकू येत होतं. तिथल्या म्हाताऱ्या नोकराने आम्हाला जनेलाशी, खिडकीजवळ, बसवलं आणि पाणी आणलं. ग्लास चार होते.

"आम्ही तिघंच आहोत," मी म्हटलं.

त्याने रिकाम्या कदेलीकडे, चौथ्या खुर्चीकडे, बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बरें," म्हणाला, आणि चौथा ग्लास उचलून हातात धरून उभाच राहिला. शेवटी त्याने तो शेजारच्या मेजावर ठेवला, भरलेलाच. मॅनेजर येऊन भाव सांगेपर्यंत तो ग्लास तिथे घाम गाळत होता आणि माझं लक्ष मॅनेजरकडे लागत नव्हतं. मी ते हॉटेल नापास केलं. नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांना फाटक नव्हतं, हे कारण दिलं. ते खरंही होतं.

दुसरं हॉटेल वर सड्यावर. लांबच लांब व्हरांडे, भिंतींवर हत्ती, अस्वलं, विदूषक रंगवलेले, आणि सगळ्यांचे डोळे दारातून येणाऱ्याकडे वळलेले. मुलांना गंमत वाटावी म्हणून केलेलं असणार. मला पाठ फिरवून चालायला नको वाटत होतं. फॅमिली रूममध्ये मोठ्या पलंगाशेजारी मुलांसाठी एकावर एक असे दोन छोटे पलंग होते. लेक शिडीवरून सरसर वर चढली.

"हांव वयर," ती म्हणाली. "सकयल तो."

"तो कोण?"

तिने तोंड उशीत खुपसलं आणि खुसखुसून हसली. आमची लेक आपली बाहुलीसुद्धा कुणाला देत नाही, आणि इथे तिने खालचा अख्खा पलंग न मागता देऊन टाकला होता. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो जनेल उघडून बाहेर बघत उभा. बाहेर लाल चिऱ्यांचा ढीग आणि एक बंद पडलेली क्रेन यापलीकडे काही नव्हतं.

"आगाऊपणा पुरे, उतर खाली," मी ओरडले. पुन्हा विचारलं नाही. विचारायची भीती वाटली, हे आता कबूल करते.

कारण तिच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. तो अकरा दिवस जगला. बाराव्या दिवशी बारसं होतं. शेजारून पाळणा मागून आणला होता, घुगऱ्यांसाठी चणे भिजत घातले होते. आमच्याकडे बारशाआधी बाळाचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. बाप ते चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी आत्येकडे जाते, आणि आत्येने बाळाच्या कानात सांगितल्यावरच ते आईलाही कळतं. अकराव्या दिवशी रात्री तो गेला. पाळणा परत गेला. चण्यांना मोड आले, ते मीच तिसऱ्या दिवशी परसात टाकले. नाव राहूनच गेलं, आणि ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल बोलायचं तरी कसं?

पहिल्या आठवड्यात एक शेजारीण समाचाराला आली आणि म्हणाली, अजून तरणी आहेस, दुसरं होईल. तिला मी हाताला धरून पायरीखाली उतरवलं. पुढे नणंदेने एकदा विषय काढला, तेव्हा हातातलं ताट मी आपटलं आणि सांगितलं की या घरात पुन्हा कुणी हे काढलं तर मी माहेरी निघून जाईन. मी जशी आहे तशी आहे, राग आला की माझं भान सुटतं. त्यानंतर कुणी काढलं नाही. सासूबाईंनी नाही, नवऱ्याने तर नाहीच. लेक झाली, तिला हे ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. मला वाटायचं, या घरात त्याला मीच काय ती लक्षात ठेवून आहे.

आणि आता लेक खालचा पलंग कुणाला तरी देत होती. म्हणून मी भ्याले. एक गेलेला, आणि ही त्याला ओळखते? घरी आल्यावर मी तिची दृष्ट काढली. शाळेत मुलांना विज्ञान शिकवते मी, तरी काढली.

त्याच रविवारी पाहिलेलं तिसरं हॉटेल पार्कच्या कुंपणाला लागूनच होतं. गजांतून मूठ गेली नाही, तलाव उथळ होता, स्वयंपाकी बांद्याचा, म्हणजे माशाची काळजी नव्हती. मी पास केलं. माझे वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे राहिले होते, म्हणून बुकिंग नवऱ्यावर सोपवलं. त्या संध्याकाळी तो पायरीवर फोन घेऊन बसला तो उठेचना.

"इतको वेळ कसलो?" मी आतून विचारलं.

"फॉर्म लांब आसा," तो म्हणाला.

मे महिन्यात आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ऊन इतकं होतं की तलावात कुणी नव्हतं, घसरगुंडीवरून नुसतंच पाणी खाली येत होतं. कुंपणापलीकडे पार्कच्या भोंग्यातून एका मुलाचं हसणं वाजायचं. थोडा वेळ थांबायचं, मग पुन्हा तेच हसणं, तेवढंच, त्याच जागी तुटणारं. लेकीला मजा वाटत होती. मी कान बंद करायला काही मिळतंय का बघत होते.

काउंटरवरची मुलगी सावंतवाडीकडची, गोड बोलणारी. तिने लेकीच्या मनगटाला निळी पट्टी बांधली, मग माझ्या, मग नवऱ्याच्या. चौथी पट्टी तिच्या हातात राहिली.

"मुलगो गाडयेत आसा?" तिने विचारलं.

"आम्हाला एकच मुलगी आहे," मी म्हटलं. "बघताय ना? तीन. एक, दोन, तीन." मी बोटाने मोजून दाखवलं, वर्गात दाखवते तसं.

तिने संगणकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने तिच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि खिशात घातली. "चल, जाता," एवढंच म्हणाला, होतं कधी असं अशा सुरात. मला वाटलं, काउंटरवर माझं भांडण नको म्हणून नेहमीसारखी माघार घेतोय.

वरच्या व्हरांड्यात जाड गालिचा होता, पावलं वाजत नव्हती. मी दोनदा मागे वळून पाहिलं. लेक पुढे पळत होती आणि मला सारखं वाटत होतं की मोजणीत कुणीतरी मागे राहिलंय, सहलीत वाटतं तसं. खोली उघडली. मुलांचे एकावर एक दोन पलंग आणि शिडी, पांढऱ्या चादरी, आणि दोन्ही उशांवर हॉटेलवाल्यांनी स्वागताची रंगीत कार्डं ठेवलेली, त्यांवर डॉल्फिन काढलेला. वरच्या उशीवर लेकीचं नाव होतं.

खालच्या उशीवर एका मुलाचं नाव होतं. आमच्या घरात, माहेरी, सगळ्या नात्यागोत्यात त्या नावाचं कुणी नाही. पण नावापुढे आडनाव आमचं होतं. खाली लिहिलं होतं: वय ९.

मी रागावले. रागावणं मला सोपं जातं. फोन उचलून काउंटरवरच्या मुलीला विचारलं, खोली साफ करताना मागच्या पाहुण्यांचं कार्डसुद्धा उचलत नाही का तुम्ही?

"नाय मॅडम," ती बावरून म्हणाली. "तां तुमच्याच बुकिंगात आसा. दोन मुलां लिवलेली आसत. मुलग्याचा वय नऊ."

मी फोन ठेवला आणि मोजलं. सवयच ती. तो असता तर या मार्चमध्ये नववं पूर्ण झालं असतं. मी खालच्या पलंगावर बसणार होते आणि बसू शकले नाही. त्या चादरीवर एकही सुरकुती नव्हती. पलीकडे भोंग्यात मूल हसलं आणि तुटलं.

नवरा दाराशी उभा होता. बॅग त्याने खाली ठेवली नव्हती.

"हांवें बरयलां," तो म्हणाला, म्हणजे त्यानेच लिहिलं होतं. "फॉर्मांत विचारिल्लें, भुरगीं कितलीं, नांवां किदें, कार्डां करपाक. नव वर्सां माका कोणे विचारूंक ना." मुलं किती, हे नऊ वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याने बॅग ठेवली. "हातान बरोवन गेलें. मागीर पुसूंक जालें ना." लिहिलेलं त्याला पुसवलं नव्हतं.

"हेंच नांव?" मी विचारलं. "चिठ्ठयेंतलें?"

त्याने पाकीट काढलं. आतल्या कप्प्यात चिठ्ठी होती, घड्यांवर फाटलेली. बारशासाठी लिहिलेली, आत्येच्या हातात पोचलेली आणि परत आलेली.

"माका सांगलें कित्याक ना?"

मला का सांगितलं नाही, याचं उत्तर वरून आलं. लेक शिडीवर उलटी लोंबकळून आमच्याकडे बघत होती.

"दादाचें नांव तें," ती म्हणाली. "आजी सांगता माका. पप्पाय सांगता. पूण तुजे मुखार काडूंक नाका. तूं रागार जाता."

मी पलंगावर बसले. चादर चुरगळली. नऊ वर्षं मी समजत होते की ते सगळे विसरले आणि मी एकटी जागी आहे. प्रत्यक्षात आजी नातीला अंगणात त्याच्या गोष्टी सांगत होती, बाप खिशात त्याचं नाव घेऊन ऑफिसला जात होता, सहा वर्षांची पोर पलंगाची खालची जागा त्याच्यासाठी सोडत होती, आणि माझं पाऊल वाजलं की तिघं गप्प होत होते. घरात त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं. आईलाच नव्हतं. मी ताट आपटलं होतं ना. मला फार लाज वाटली, आणि मी रडले, अगदी मोठ्याने, हॉटेलात असं रडतात की नाही कोण जाणे.

नवरा शेजारी येऊन बसला. लेक खाली उतरली, कार्ड हातात घेतलं आणि बोट ठेवून वाचलं. यंदाच वाचायला शिकली आहे, त्यामुळे एकेक अक्षर सुटं, मग सगळं एकत्र, मोठ्याने. ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. चांगलं आहे नाव. इथे लिहीत नाही. मग मी त्या रिकाम्या उशीवर वाकले आणि जिथे कान असतो तिथे हळूच ते सांगितलं. हे आत्येचं काम, पण आत्या रागावणार नाही.

चोपड्याच्या त्या चौथ्या ग्लासाचं तेवढं मला अजून कळलेलं नाही. तिथे आम्ही नाव लिहिलं नव्हतं, फोनही केला नव्हता. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, मेज चौघांचं होतं म्हणून आणले असतील. असेलही. त्या म्हाताऱ्याने रिकाम्या कदेलीकडे इतका वेळ का पाहिलं, ते मी विचारायला गेलेले नाही.

संध्याकाळी आम्ही खाली जेवायला गेलो. लेकीच्या एका मनगटावर दोन पट्ट्या होत्या, बापाच्या खिशातली तिने मागून घेतली होती. दाराशी वाढप्याने विचारलं, "किती जणां?"

मी तोंड उघडलं, सवयीने. पण आकडा बाहेर येईना.

"चौगां," लेक म्हणाली. "पूण ताटां तीन पुरो."